मोटारीतले जादा स्पीकर

मोटारगाडी विकत घेताना माणूस पुष्कळ गोष्टींची चौकशी करतो. लिटरला किती किलोमीटर जाते, सुटे भाग कुठे मिळतात, मागे तिघे नीट बसतात की नाही. पण स्पीकर किती आहेत, हे विचारणारा विरळाच. गाडी घरी येते, पेढे वाटले जातात, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात मागच्या बाकावरून आजीचा आवाज येतो, “अरे, जरा मोठं कर रे, बातम्या ऐकू येत नाहीत!” पुढचा माणूस आवाज वाढवतो. आता मागे जेमतेम ऐकू येते आणि पुढच्याच्या कानठळ्या बसतात. कमी किमतीच्या मॉडेलमध्ये कारखान्यातून येणाऱ्या स्टीरिओला पुष्कळदा पुढच्या दारांतले दोनच स्पीकर असतात, त्याचा हा परिणाम. मग घरात ठरते, मागे दोन स्पीकर टाकून घेऊ, त्यात काय मोठेसे! या ‘त्यात काय मोठेसे’मध्ये काय काय आहे, ते आज जरा उलगडून पाहू.

मोटारीत रेडिओ आला त्याला आता नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला. अमेरिकेत शिकागोच्या गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने १९३० साली मोटोरोला या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. त्या वेळचे संच व्हॉल्व्हचे. त्यांना उच्च दाबाची वीज लागे आणि सगळा आवाज एकाच स्पीकरमधून येई. १९५५ साली संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ अमेरिकेत जाहीर झाला आणि संचाचा आकार व विजेची भूक दोन्ही घटली. १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली. पुढे डाव्या-उजव्या कानाला वेगळा ध्वनी देणारी स्टीरिओची पद्धत गाडीत रुळली, आणि एकाचे दोन व दोनाचे चार स्पीकर झाले. आज कॅसेटही गेली. गाणे मोबाइलमधून बिनतारी येते. पण शेवटी विजेचे रूपांतर आवाजात करणारा तो कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा आणि त्यामागचे तारेचे वेटोळे, एवढे मात्र तसेच राहिले आहे. म्हणून जुने नियमही तसेच लागू आहेत.

पहिला नियम ओहमचा. मोटारीतल्या बहुतेक स्पीकरांवर ‘४ ओहम’ असे लिहिलेले असते. विजेच्या प्रवाहाला तो किती अडथळा करतो, याचे हे माप. आता समजा, आपल्या स्टीरिओच्या एका बाजूकडून ८ व्होल्टचा दाब येतो आहे. ४ ओहमच्या स्पीकरमधून २ अँपियर प्रवाह वाहील आणि शक्ती होईल १६ वॅट. मागच्या स्पीकरच्या दोन तारा पुढच्या स्पीकरच्या त्याच दोन तारांना पिळून जोडल्या, तर याला समांतर जोडणी म्हणतात. करायला ती सर्वांत सोपी, आणि म्हणून सर्वांत जास्त ठिकाणी होते. पण दोन वाटा मिळाल्याने अडथळा निम्मा होतो, २ ओहम. त्याच ८ व्होल्टला आता ४ अँपियर वाहतात आणि स्टीरिओला १६ च्या जागी ३२ वॅट पुरवावे लागतात. एका बैलाच्या गाडीवर दोन बैलांचे ओझे घातल्यासारखे झाले.

तुम्ही म्हणाल, पण आमच्याकडे तर असे जोडले आहे आणि वाजते आहे की! वाजते, खरे आहे. हळू आवाजात काहीच बिघडत नाही. पण मे महिन्यातली दुपार घ्या. गाडी चार तास उन्हात उभी आहे, डॅशबोर्डच्या आत भट्टी झाली आहे, आणि आपण बसल्या बसल्या आवाज मोठा केला. स्टीरिओतली ध्वनी वाढवणारी चीप आधीच तापलेली, तिच्यातून दुप्पट प्रवाह. चांगल्या चीपमध्ये अशा वेळी आपोआप बंद पडण्याची सोय असते. गाणे मध्येच तुटते आणि थोडे निवले की पुन्हा सुरू होते. असे वरचेवर होऊ लागले, तर तो इशारा समजावा. काही संच २ ओहमसाठीच बनवलेले असतात, त्यांच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट छापलेले असते. छापलेले नसेल, तर ४ ओहमच्या खाली जाऊ नये.

दुसरी जोडणी एकसरीची. स्टीरिओची धन तार पहिल्या स्पीकरच्या धन टोकाला, पहिल्याचे ऋण टोक दुसऱ्याच्या धन टोकाला, आणि दुसऱ्याचे ऋण टोक परत स्टीरिओला. अडथळा होतो ८ ओहम. आपल्या हिशेबात प्रवाह १ अँपियर, एकूण शक्ती ८ वॅट, म्हणजे प्रत्येक स्पीकरला ४ वॅट. पूर्वी एकट्याला मिळत होते त्याच्या चौथाई. पुढच्या माणसाला आवाज कमी झाल्यासारखा वाटेल, पण तो मागेपर्यंत पसरेल आणि स्टीरिओला काही धोका नाही. मात्र दोन्ही स्पीकर एकाच जातीचे घ्यावेत. एक लहान, एक मोठा असे घेतले, तर एकाच्या अडथळ्यातले चढउतार दुसऱ्याचा सूर बिघडवतात.

या दोन्ही कसरती करण्याआधी मात्र एक गोष्ट पाहावी, आणि नेमकी तीच पाहायची राहून जाते. आपल्या स्टीरिओला मागच्या स्पीकरांसाठी वेगळी सोय आहे काय? आज बाजारात असलेल्या पुष्कळ संचांत पुढचे डावे-उजवे आणि मागचे डावे-उजवे असे चार स्वतंत्र मार्ग असतात. गाडीत स्पीकर दोनच असले, तरी मागचे दोन मार्ग आत मोकळे पडलेले असू शकतात. स्टीरिओच्या पडद्यावर ‘फेडर’ नावाचा पर्याय दिसला, म्हणजे पुढचा-मागचा आवाज कमीजास्त करण्याची सोय असली, तर हे मार्ग बहुधा आहेत. बाजारातून वेगळ्या घेतलेल्या संचांच्या तारांचे रंग ठरलेले आहेत. पुढे डावीकडे पांढरी, पुढे उजवीकडे करडी, मागे डावीकडे हिरवी, मागे उजवीकडे जांभळी. आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल, तर ती ऋण. पिवळी तार बॅटरीची, लाल किल्लीची, काळी अर्थिंगची. कारखान्यातून बसून आलेल्या संचात मात्र प्रत्येक कंपनीचे रंग निराळे, तिथे अंदाजाने चालू नये; त्या गाडीचा वायरिंगचा नकाशाच पाहावा. काही गाड्यांत तर मागच्या दारापर्यंत तार आधीच ओढलेली असते, फक्त स्पीकर नसतो. तेव्हा तारेचे भेंडोळे विकत आणण्यापूर्वी मागच्या दाराची पट्टी उघडून पाहिलेली बरी.

चार मार्ग असतील, तर प्रश्न सुटला. प्रत्येक स्पीकरला स्वतःचा मार्ग, प्रत्येकाला ४ ओहम, कुणावर जादा भार नाही. वर फेडरने मागचा आवाज हवा तेवढा ठेवता येतो. पुढे चालकाशेजारी कुणी झोपले असेल, तर आवाज मागे सरकवता येतो. मागे बाळ झोपले असेल, तर पुढे.

आता वॅटचा घोळ. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते. दुकानदारही तोच आकडा सांगतो. इंजिन चालू असताना गाडीतल्या विजेचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. स्टीरिओत हा दाब वाढवणारी वेगळी व्यवस्था नसते, त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाची शक्ती कागदोपत्रीसुद्धा २६ वॅटच्या वर जात नाही. चीपमध्ये थोडा दाब खर्च होतो, म्हणून प्रत्यक्षात वीसच्या आतबाहेर. मग ५० कुठून आले? ध्वनी इतका ताणायचा की त्याची लाट वरून-खालून सपाट कापली जाते, आणि त्या कापलेल्या लाटेची शक्ती मोजायची! ऐकायला तो आवाज फाटका लागतो. एवंच, खोक्यावरचा आकडा पाहून स्पीकर निवडू नये. त्याऐवजी स्पीकरची ‘सेन्सिटिव्हिटी’ पाहावी. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर तो किती डेसिबल आवाज करतो, ते हे माप. एक स्पीकर ८९ डेसिबलचा आणि दुसरा ९२ चा असेल, तर दुसऱ्याला निम्मी शक्ती देऊनही तेवढाच आवाज मिळतो. कारखान्याच्या साध्या स्टीरिओवर चालवायचे, तर असा कमी खाणारा आणि जास्त काम करणारा स्पीकरच हवा.

जोडताना धन-ऋण सांभाळणे फार महत्त्वाचे. एक स्पीकर सुलटा आणि दुसरा उलटा जोडला गेला, तर जळत काही नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. पण एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. तबला वाजतो, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो. “चार स्पीकर टाकले आणि आवाज उलट पातळ झाला,” अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, तिचे मूळ इथे असू शकते. तपासायची रीत सोपी आहे. तारा स्टीरिओपासून सुट्या करून टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक ज्या तारेला लावल्यावर पडदा बाहेर येतो, ती धन तार. जोडून झाल्यावर एखादे भाषण किंवा बातम्या लावून बघा. डावा-उजवा आवाज सारखा ठेवला असता निवेदकाचा आवाज समोर मधोमध आल्यासारखा वाटला, तर जोडणी बरोबर. तो कुठून येतो हेच कळेनासे झाले, तर कुठेतरी तारांची अदलाबदल झाली आहे.

आणखी एक पथ्य. जुन्या काळी काही संचांत स्पीकरची ऋण तार सरळ गाडीच्या पत्र्याला जोडत. आजच्या स्टीरिओत ती पत्र्याला लावायची नाही, दोन्ही बाजूंच्या ऋण तारा एकत्रही करायच्या नाहीत. कारण आता दोन्ही तारांवर चीपचा ताबा असतो. ऋण म्हटलेली तार पत्र्याला टेकली की चीप जळू शकते.

स्पीकरची जागा हा पुढचा विषय. दारात स्पीकर बसवताना काच पूर्ण खाली करून पाहावी. मागचे चुंबक काचेला लागणार नाही एवढी खोली आहे ना, हे आधी मोजावे. दाराच्या आत पाणी येते, हे आपल्याकडे विसरून चालत नाही. कोकणात चार महिने गाडी चालवून पाहा; काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे कधी बुजवू नयेत. आतला प्लॅस्टिकचा कागद फाडला असेल, तर पुन्हा नीट चिकटवावा. स्पीकरखाली जाड कडे लागते, ते भुशाच्या दाबलेल्या फळीचे असले, तर पहिल्याच पावसाळ्यात फुगते. प्लॅस्टिकचे कडे घ्यावे, किंवा लाकडी असेल तर त्याला सर्व बाजूंनी रंग द्यावा. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी लावावी. पडद्याच्या पुढून जसा आवाज येतो, तसा मागूनही येतो, आणि फटीतून तो पुढे आला की पुन्हा खालचे सूर खातो. हे पट्टीचे काम स्वस्तातले आहे. पण पुष्कळ वेळा नव्या स्पीकरपेक्षा त्याचाच फरक अधिक जाणवतो.

दारात जाणारी तार बिजागऱ्यांमधल्या रबरी नळीतूनच न्यावी. मिस्त्री घाईत असला, तर बाहेरून चापून नेतो. दार दिवसातून वीस वेळा उघडते-मिटते, तारेचे आवरण घासून निघते आणि एक दिवस तांबे पत्र्याला लागते. तारांचे जोड नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले नकोत. उन्हाने डिंक वितळतो आणि पट्टी सुटते. जोड डाग देऊन किंवा दाबाच्या चिमट्याने पक्के करावेत. त्याहून चांगले म्हणजे मूळ तार न कापता त्या गाडीसाठी मिळणारे तयार कपलर वापरावेत. याला पैशाचीही बाजू आहे. नव्या गाडीची मूळ वायरिंग कापलेली दिसली, तर विजेच्या बिघाडाबाबत हमीचा दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. दोनशे-चारशे रुपये वाचवायला जावे आणि काही हजारांची हमी गमवावी, हा कुठला व्यवहार?

छोटे टोकदार आवाजाचे स्पीकर, म्हणजे ट्विटर, पुढे लावायचे असतील, तर ते पुढच्या स्पीकरला समांतर जोडले तरी चालतात, मात्र कपॅसिटरसकट. हा कपॅसिटर खालचे सूर अडवतो. ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ४ ओहमचा ट्विटर असेल, तर सुमारे साडेआठ हजार कंपनांच्या वरचेच सूर आत शिरतात. तिथे शक्ती थोडी लागते, म्हणून स्टीरिओवर फारसा ताण येत नाही. कपॅसिटर काढून टाकला, तर ट्विटर मोठ्या आवाजात लगेच जळतो आणि स्टीरिओवरही भार येतो. काचेच्या कडेच्या खांबात तार ओढताना मात्र सावध असावे. पुष्कळ गाड्यांत तिथेच पडद्याची एअरबॅग असते. तिच्या पिवळ्या खुणेच्या जोडांना हात लावू नये आणि तिच्या समोरून तार नेऊ नये. अपघाताच्या क्षणी ती पिशवी उघडायला आडकाठी झाली, तर गाणे काय कामाचे?

कुणाला याहून मोठा आवाज हवा असतो. मग वेगळा ॲम्प्लिफायर आला. कारखान्याच्या स्टीरिओला वेगळी वाट नसली, तरी स्पीकरच्या तारांवरूनच ध्वनी घेणारे ॲम्प्लिफायर मिळतात. पण त्याची वीज स्टीरिओच्या तारेवरून घेऊ नये. हिशेब पाहा. चार मार्ग, प्रत्येकी ५० वॅट, म्हणजे २०० वॅट. शेकडा ८० कार्यक्षमतेचा डी वर्गाचा ॲम्प्लिफायर धरला, तरी बॅटरीकडून २५० वॅट म्हणजे सुमारे १८ अँपियर हवेत. हेडलाइटचा ५५ वॅटचा एक दिवा साडेचार अँपियर घेतो. म्हणजे असे चार दिवे झाले. म्हणून बॅटरीपासून थेट जाड तार, साधारण ८ चौरस मिलिमीटर शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिसायला तशीच असते, पण तेवढा प्रवाह वाहत नाही. अर्थिंगची तार आखूड, रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट. आणि बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरातच फ्यूज.

या फ्यूजबद्दल गैरसमज असा, की तो ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी असतो. तो तार वाचवण्यासाठी असतो. फ्यूज मागे डिकीत बसवला आणि तार वाटेत कुठे पत्र्याला लागली, तर गाडीची बॅटरी शेकडो अँपियर सोडू शकते. तार निखाऱ्यासारखी लाल होते आणि तिच्या भोवती सतरंजी, फोम, प्लॅस्टिक. बॅटरीजवळचा फ्यूज असता, तर क्षणात तुटला असता. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा टाकणे किंवा तिथे तारेचा तुकडा लावणे, म्हणजे राखणदाराला घरी पाठवून चोरासाठी दार उघडे ठेवणे आहे.

ध्वनीची तार आणि विजेची तार गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यावी. एकत्र नेल्या, तर इंजिनाचा वेग वाढेल तशी स्पीकरमध्ये शिट्टी चढत जाते. अर्थिंग सैल असले तरी हीच शिट्टी येते. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. विजेवर चालणाऱ्या गाडीत १२ व्होल्टची बॅटरी बहुधा निराळी असते, स्टीरिओ तिच्यावर चालतो. तिथे नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या, तर त्यांच्या वाटेला जाऊच नये. त्यांत प्राणघातक दाब असतो.

शेवटी आवाज किती असावा, हे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत कानाला चालतो, असा एक प्रचलित हिशेब आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. बंद काचेच्या गाडीत १०० गाठणे मुळीच अवघड नाही. कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिवाय गाडीत आपण एकटे नसतो आणि रस्ता आपल्या एकट्याचा नसतो. मागून रुग्णवाहिका येते आहे, रेल्वेच्या फाटकावर शिट्टी झाली आहे, हे चालकाला ऐकू आले पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत त्याहूनही कमी.

तेव्हा क्रम असा धरावा. आधी पुढच्या स्पीकरभोवतीच्या फटी बुजवा. मग स्टीरिओला मागचे मार्ग मोकळे आहेत का, ते पाहा आणि असतील तर चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे ४ ओहमचे दोन स्पीकर त्यांवर जोडा. मार्ग नसतील, तर एकसरीची जोडणी करा, किंवा स्पीकरच्या तारांवरून ध्वनी घेणारा एक लहान ॲम्प्लिफायर फ्यूजसह बसवा. तारा नुसत्या पिळून समांतर जोडणाऱ्या मिस्त्रीला मात्र आधी विचारा, “किती ओहम होतील हो?” उत्तर आले, तर काम त्याच्याकडे द्या. न आले, तर दुसरा मिस्त्री शोधा. जादा स्पीकर टाकायचा तो आवाज मोठा व्हावा म्हणून नव्हे. आवाज लहान ठेवूनही तो मागच्या बाकावरच्या आजीपर्यंत स्वच्छ पोचावा म्हणून. एवढे साधले, की काम झाले.